सोनुबाईला लागलेला बाण

माझा धाकटा भाऊ विपुल रसायनीतल्या एका कारखान्यात केमिस्ट होता. दिवसभर नमुने तपासायचे, आकडे लिहायचे आणि संध्याकाळी मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत परत यायचं, असा त्याचा दिवस. लग्नाचं त्यानं मनावर घेतलं नाही. आई-वडील गेल्यावर त्याला जवळचं माणूस म्हणजे मी, त्याची हर्षलाताई. मी जवळच्याच चौक गावात राहते आणि खालापूरच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या ह्यांचं, म्हणजे हरेशचं, जुन्या हायवेला लागून गॅरेज आहे, घराच्या शेजारीच.

विपुल एकोणचाळीस वर्षांचा असताना त्याचे डोळे जायला लागले. आधी संध्याकाळी मोटारसायकलवर असताना बाजूचं दिसेना. मग एक दिवस प्रयोगशाळेत थेंब थेंब टाकत असताना तपासणी पुरी झाल्याचा फिकट गुलाबी रंग कधी आला ते त्याला कळलंच नाही. शेजारचा म्हणाला, "अरे, केव्हाच झालं ते." विपुलनं नमुना ओतून टाकला, हात धुतले आणि सरळ साहेबांकडे गेला. म्हणाला, "आजपासून माझ्या सहीवर भरवसा ठेवू नका."

असा माणूस. नको तिथंसुद्धा खरं बोलणारा.

पनवेलच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला. औषध नाही. नळीतून बघितल्यासारखं दिसत जाईल आणि नळी हळूहळू बारीक होईल, पण किती आणि कधी ते पुढच्या तपासण्यांवर कळेल. कंपनीनं लांबची रजा दिली. दिवाळी झाल्यावर हरेश टेंपो घेऊन कॉलनीत गेले आणि त्याला आमच्याकडे घेऊन आले. सामान थोडंच होतं. दोन बॅगा, एक पंखा आणि एक कॉम्प्युटर, जो विपुलनं सगळ्या रस्त्यात मांडीवर धरला होता.

"एवढं काय हाय त्याच्यात?" हरेशनी विचारलं.

"खेळ आहे दाजी एक. कॉलेजपासूनचा. अजून पुरा झाला नाही."

खेळ म्हटल्यावर मला वाटलं, गाड्या पळवायच्या असतील नाहीतर बंदुका मारायच्या. तसलं काही नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. आडव्या-उभ्या रेघा म्हणजे भिंती, अधिकचं चिन्ह म्हणजे दार, इंग्रजी अक्षरं म्हणजे राक्षस आणि जनावरं. खाली चार ओळींत काय घडलं ते इंग्रजीत लिहून यायचं. आपली चार माणसं घेऊन एका किल्ल्याखालच्या भुयारात उतरायचं, एकेक मजला खाली जायचं. एकूण सोळा मजले. वीसेक वर्षांत विपुल नवव्याच्या खाली गेला नव्हता. मूळचा खेळ बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, पण परदेशातल्या कुणा एकानं तो आताच्या कॉम्प्युटरवर चालेल असा करून फुकट ठेवला होता.

चार माणसांना विपुलनं आमच्या गावच्या माणसांची नावं दिली होती. पुढं तलवार घेऊन बुधाजी, कारण गावातला बुधाजी एकटा बैलगाडी उचलायचा. कुलपं उघडायला कमळ्या. मंत्र टाकायला विठू. आणि जखमा बऱ्या करणारी सोनुबाई. खरी सोनुबाई डोक्यावर पाटी घेऊन सुकी मासळी विकायला यायची आणि लहानपणी विपुलला ताप आला तर त्याच्या उशाशी बसून राहायची.

डिसेंबरपर्यंत विपुलला खालच्या ओळी वाचता येईनात. नाक पडद्याला टेकवून एकेक शब्द जुळवायचा, मग डोकं धरून बसायचा. एक दिवस मी शाळेतून आले, चहा ठेवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

"सरक. मी वाचते."

"तुला कंटाळा येईल गं."

"चौथीच्या पोरांच्या वह्या वाचते मी. मला कशाचाच कंटाळा येत नाही."

कंटाळा नाही आला, पण राग फार आला. असला आडमुठा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. माउस चालत नाही. प्रत्येक गोष्टीला वेगळी कळ, आणि मोठ्या-छोट्या अक्षराचा फरक. छोटा क्यू दाबला तर औषध प्यायचं, मोठा क्यू दाबला तर खेळ सोडून द्यायचा. दार उघडायचं तर आधी हातातली मशाल खाली ठेवायची, मग ओ दाबायचा, मग कुठल्या दिशेचं दार ते सांगायचं, मग मशाल पुन्हा उचलायची. मशाल उचलायला विसरलं की अंधारात चालायचं आणि मग भिंतीवर आपटून बुधाजीचं डोकं फुटायचं. वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी सगळ्या कळा लिहून भिंतीला चिकटवल्या. त्रेपन्न निघाल्या.

"हे कुणी बनवलं रे? एक कळ दाबली की दार उघडलं, असं करता येत नव्हतं?"

"आलं असतं," विपुल हसत म्हणाला. "पण मग मशालीची आठवण कुणी ठेवली असती?"

आणि वर फासा. प्रत्येक गोष्टीवर खेळ आतल्या आत वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आकडा लिहून दाखवायचा. हवे तेरा, आले सात. वार चुकला. हवे पाच, आले चार. कुलूप मोडलं. कितीही जपून खेळा, विचार करून खेळा, एक आकडा यायचा आणि तासाभराची मेहनत पाण्यात. माणूस मेला की मेला. त्याचं नाव यादीतून पुसलं जायचं. मागं जायची एक वाट मात्र होती. प्रत्येक जिन्यावर खेळ स्वतःच आठवण ठेवायचा आणि तीन कळा दाबून त्या जिन्यावर परत जाता यायचं. विपुल ती वाट कधी वापरत नसे.

"का रे? दिलीय ना सोय?"

"मग खेळायचं कशाला?" एवढंच तो म्हणाला.

साडेचार ते सात अशी आमची वेळ ठरून गेली. मी कळा दाबायची, वाचायची. तो सांगायचा, "दोन पावलं उत्तरेला. आता थांब. कमळ्याला पुढं कर." डोळे मिटून बसायचा. मी बोललेली भुयारं त्याला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसत असावीत.

जानेवारीत पुढच्या तपासणीचा रिपोर्ट आला. विपुलला ताप होता म्हणून मी एकटीच पनवेलला गेले. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढं ठेवले आणि हळू आवाजात सांगितलं, की वेग अंदाजापेक्षा जास्त आहे. वर्ष, फार तर दीड वर्ष. मग वाचण्यापुरती नजर दोन्ही डोळ्यांत राहणार नाही. उजेड कळेल, कुणी समोरून गेलं तर सावली कळेल. "त्यांना घेऊन या, मी समजावून सांगतो," असंही म्हणाले. मी हो म्हटलं आणि एसटीत बसले. शेडुंगच्या पुढं येईपर्यंत मी काय बोलायचं ते जुळवत होते.

घरी आले तर विपुल शाल पांघरून बसला होता. "काय म्हणाले?"

"उजवा जाईल म्हणाले," मी म्हटलं. "डावा राहील. वाचण्यापुरता राहील."

त्यानं एक मोठा श्वास सोडला. "राहील ना? मग भागेल गं. एका डोळ्यावर भागेल." आणि ताप असूनही म्हणाला, "चल, दहा मिनिटं खेळू."

आम्ही नुकतेच आठव्या मजल्यावर उतरलो होतो. जिन्यापासून दहा-बारा पावलांवर एक अरुंद बोळ होता. सोनुबाईचा पाय कशावर तरी पडला आणि भिंतीतून बाण सुटला. पडद्यावर आलं: हवे अकरा, आले दोन.

"किती?" विपुलनं विचारलं.

"सतरा," मी म्हटलं.

विचार करून नाही म्हटलं. तोंडातून गेलं. खाली पुढची ओळ आली, सोनुबाई मेली. मी म्हटलं, "बाण भिंतीवर आपटला. थांब हं, अडकलंय हे." आणि तीन कळा दाबून जिन्यावर परत गेले, तेवढीच पावलं पुन्हा चालले. या वेळी बारा आले. जगली.

तो खेळ अधूनमधून खरोखरच अडकायचा. त्यामुळं विपुलला संशय यायचं कारण नव्हतं. त्या दिवसापासून वाईट आकडा आला की माझा हात आपोआप त्या तीन कळांवर जायचा. "अडकलं परत," म्हणायचं आणि नवा आकडा मिळेपर्यंत तिथंच घोटाळायचं. एकदा बुधाजीसाठी मी पाच वेळा मागं गेले. मला वाईट वाटत नव्हतं. उलट बरं वाटायचं. जगात कुठंतरी एक जागा होती, जिथं मी माझ्या भावाचं काही वाईट होऊ देत नव्हते. आम्ही नववा मजला ओलांडला. दहावा ओलांडला. विपुल अकराव्याच्या जिन्यावर आला तेव्हा मला वाटलं होतं तो उड्या मारेल. तो म्हणाला, "हं."

फेब्रुवारीतला एक रविवार होता. दुपारी हरेश पुढच्या खोलीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. आम्ही खेळत होतो. एक लांडग्यांची टोळी आली होती आणि मी आकडे वाचत होते. चौदा. नऊ. एकोणीस. अकरा.

"थांब ताई," विपुल म्हणाला.

मी थांबले.

"मागच्या रविवारपासून मी मोजतोय. बुधाजीनं साठ वेळा फासा टाकला. पाचाच्या खालचा आकडा एकदाही आला नाही. साठात बाराएक वेळा तरी यायला पाहिजे. एखाद-दोन कमी येतील, समजू शकतो. पण एकही नाही?"

"नशीब असतं एकेकाचं."

"माझं?" तो म्हणाला. "आणि तुझं ते अडकतं तेव्हा तू दर वेळी तीनच कळा दाबतेस. मला ऐकू येतं गं."

पुढच्या खोलीतला शेंगांचा आवाज थांबला.

मी रडायला लागले आणि रडता रडता चिडले. "तुझ्यासाठीच केलं ना? एवढं सगळं चाललंय, निदान खेळात तरी तुझं..."

"तेच," विपुल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. "कंपनीत गेलो तर कॅन्टीनमधला भिवाजी माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून देतो. मला येतात काढता. साहेब म्हणतात, तुझी खुर्ची तशीच आहे. तशी नाही, त्यांनी नवा माणूस घेतलाय, मला माहीत आहे. दाजी माझ्याशी मोठ्यानं बोलतात, जसे काही माझे कान गेलेत. सगळे गोड बोलतात ताई. कुणाचं खरं धरायचं तेच कळेनासं झालंय. हा खेळ एकच होता ज्याला माझ्या डोळ्यांचं काही देणंघेणं नव्हतं. दोन आले तर दोन. वीस आले तर वीस. आणि वीस आले की ते माझे असायचे."

मी कीबोर्ड बाजूला सारला.

मग त्यानं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते? तापात होतो तेव्हा."

मी हरेशकडे बघितलं. ते दारात येऊन उभे होते. त्यांनाही मी डाव्या डोळ्याचंच सांगितलं होतं.

"दोन्ही जाणार," मी म्हटलं. "वर्ष-दीड वर्षात. उजेड कळेल. वाचता नाही येणार."

विपुल उठला, भिंतीला हात लावत बाहेर ओट्यावर गेला आणि बसला. अंधार पडायच्या आधी हरेश त्याच्यासाठी चहा घेऊन गेले. मी आतून ऐकत होते. हरेश नेहमीसारखे मोठ्यानं बोलले नाहीत. म्हणाले, "विपुल, मला पन नव्हतं म्हाईत रं." विपुल म्हणाला, "कळलं दाजी." मग दोघं गाड्या बघत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तर विपुल इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

"कुठं?"

"मोहोपाड्याला. मिनिडोर रिक्षा मिळेल ना नाक्यावर?"

"एकटा? मी रजा टाकते, थांब."

"ताई, आज अजून दिसतंय मला थोडं. आज एकटा गेलो नाही तर मग कधी जाऊ?"

मी हरेशकडे बघितलं. "जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "नाक्यावर समदे वळखीचे हायेत."

त्या दिवशी मी शाळेत काय शिकवलं ते आठवत नाही. पाच वाजता घरी आले तर विपुल खुर्चीत. गुडघ्याला खरचटलं होतं, उतरताना गटाराच्या कडेला पाय गेला म्हणे. पण चेहरा निवळला होता. साहेबांना त्यानं रिपोर्टचा आकडा सांगितला होता. वर्ष-दीड वर्ष. म्हणाला होता, "माझी खुर्ची नको. नजर नसलेल्या माणसाला तुमच्याकडे काय करता येईल तेवढं सांगा. नसेल तर तसं सांगा." साहेब म्हणाले, मला विचार करायला वेळ दे, आणि तोवर जे शिकता येईल ते शिकून घे. विपुलला ते फार आवडलं होतं. "पहिल्यांदाच खरं बोलले बघ," तो म्हणाला. "डाव्या डोळ्याच्या भरवशावर बसलो असतो तर हे वर्ष फुकट गेलं असतं."

मी त्याच्या गुडघ्याला हळद लावली. मला माफी मागायची होती, पण शब्द सापडत नव्हते. त्यानंच विचारलं, "सोनुबाई खरी कधी गेली?"

"आठव्यावर. त्या बाणानं. दोन आले होते."

"मग तिला जाऊ दे."

यादीतून माणूस काढायला पण एक कळ होती. मोठा आर, मग नाव, मग खेळ विचारतो, खरंच? मी हो म्हटलं. नाव पुसलं गेलं. खेळातली बाई, सात इंग्रजी अक्षरांची, पण पुढची कळ माझ्याच्यानं लगेच दाबवेना. विपुलनं खऱ्या सोनुबाईची गोष्ट काढली, तिच्या पाटीतल्या बोंबलांचा वास अंथरुणाला कसा लागायचा ती. मग म्हणाला, "वाच."

पुढचे आठवडे कठीण गेले. जखमा बऱ्या करणारं कुणी उरलं नव्हतं. मी जे येईल ते वाचत होते. तीन. एक. आठ. पहिल्यांदा मी आकडा दोनदा बघून मग वाचायची. विपुल मान हलवायचा आणि पुढचं ठरवायचा. तीन दिवसांत विठू गेला, मग कमळ्या, मग एका चिखलाच्या खोलीत बुधाजी एकटाच लढून गेला. पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात. पुन्हा मेले. तिसऱ्या खेपेला एका कुलपाला वीस हवे होते आणि वीस आले. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की हरेश गॅरेजमधून पाना घेऊन धावत आले.

वाईट आकडा सपाट आवाजात वाचायची सवय मला तिथं लागली. पुढच्या तपासणीला मी विपुलच्या शेजारी बसले आणि डॉक्टर त्याच्याशी बोलत असताना एकदाही मधे पडले नाही. परत येताना एसटीत तो म्हणाला, "तू आज गप्प होतीस. बरं वाटलं."

नजर जाऊ लागली तसा पडद्यावरचा नकाशा त्याला अजिबात दिसेना. त्यावर हरेशनी तोड काढली. प्लायवूडच्या तुकड्यावर खिळे ठोकले, खिळ्यांना तांब्याची तार गुंडाळली, त्या भिंती. दाराच्या जागी वॉशर. विपुल बोटं फिरवून म्हणायचा, "इथं वळण चुकलंय दाजी," आणि हरेश, ज्यांनी जन्मात कधी खेळात डोकं घातलं नव्हतं, पक्कड घेऊन भुयार दुरुस्त करायचे.

पावसाळ्यानंतर विपुल तीन महिने मुंबईला एका संस्थेत राहून आला. पांढरी काठी शिकला, आणि कॉम्प्युटर बोलून दाखवतो ते शिकला. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते एक आवाज भराभर वाचत जातो. इतका भराभर, की मला एक शब्द कळत नाही, विपुलला सगळं कळतं. आणि मग लक्षात आलं, की सगळं जग चित्रांचं झालेलं असताना आमचा तो आडमुठा खेळ मात्र प्रत्येक गोष्ट शब्दांत लिहून दाखवत होता. वार, जखम, फासा, दार. माउस चालत नव्हता म्हणून प्रत्येक कामाला कळ होती, आणि कळ आंधळ्या माणसालाही दाबता येते. ज्या त्रेपन्न कळांना मी शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या त्याला पाठ होत्या. नकाशासाठी प्लायवूड लागायचं, कधी मलाही विचारावं लागायचं. बाकी तो एकटा खेळायला लागला.

खरं सांगायचं तर साडेचार वाजले की मला चुकल्यासारखं व्हायचं. मी चहा घेऊन त्याच्या मागं उभी राहायची. तो म्हणायचा, "बस ना." मी बसायची. कळत नसलं तरी ऐकायची.

यंदा जूनमध्ये कंपनीनं त्याला परत बोलावलं. नव्या कामगारांना कुठलं रसायन कशाजवळ ठेवायचं नाही, काय सांडलं तर काय करायचं, हे शिकवायचं काम. त्याला सगळं तोंडपाठ आहेच. कॉलनीत खोलीही मिळाली. भिवाजी त्याला कॅन्टीनमध्ये आता काटे काढून देत नाही, दोघांची त्यावरून एकदा जुंपली म्हणे.

गेल्या महिन्यात मात्र त्याचा फोन आला, आवाज पडलेला. तो खेळ ज्या परदेशी माणसानं सांभाळला होता, त्यानं कळवलं होतं की पुढची आवृत्ती नव्या लोकांसाठी सोपी करणार. खालच्या ओळी जाऊन चित्रं येणार, कळा जाऊन माउस येणार, फासा आत लपणार.

"माझं संपलं मग," विपुल म्हणाला.

"लिही त्याला."

"काय लिहू? हजारो लोक खेळत असतील त्याचा खेळ."

मी रविवारी मोहोपाड्याला गेले आणि आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं. विपुल इंग्रजीत बोलायचा, मी मधे मधे म्हणायची, हे पण घाल. तक्रार अशी नव्हतीच त्यात. विपुलनं लिहिलं, की मी दोन वर्षांत आंधळा झालो आणि त्या दोन वर्षांत तुमच्या खेळानं मला एकदाही सूट दिली नाही, त्याबद्दल आभार. प्रत्येक आकडा तुम्ही शब्दांत लिहिलात, त्याबद्दल आभार. माझ्या बहिणीनं त्रेपन्न कळांना शिव्या घातल्या हेही त्यानं लिहिलं, आणि खाली आमची दोन्ही गावं, चौक आणि मोहोपाडा. मी माझं एक वाक्य घालायला लावलं. मी याची बहीण, मला खोटं बोलायची सवय लागली होती, ती तुमच्या खेळात पकडली गेली.

चार दिवसांनी उत्तर आलं. विपुलनं मला बोलावून घेतलं, हरेशही गॅरेज बंद करून आले. कॉम्प्युटरच्या आवाजाऐवजी मीच वाचावं असं विपुल म्हणाला. मी वाचलं, ह्यांच्यासाठी मराठीत सांगत सांगत.

तो माणूस एकसष्ट वर्षांचा होता, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेला. लिहिलं होतं, की हा खेळ मी अकरा वर्षं सांभाळतोय आणि एवढ्या काळात मला नऊ जणांनी पत्र लिहिलं, त्यातले सहा जण कळा फार आहेत म्हणून ओरडले. म्हणून बदलत होतो. लिहून येणाऱ्या ओळी मी माझ्या सवयीनं ठेवल्या होत्या, त्या कुणाला लागतात हे मला ठाऊक नव्हतं. आता त्या राहतील. कळाही राहतील. नकाशा शब्दांत सांगणारी एक नवी कळ करून बघतो, म्हणजे चोपन्न होतील, तुमच्या बहिणीनं माफ करावं. शेवटी विचारलं होतं, तुम्ही नक्की कुठं राहता, मला नकाशात चौक आणि मोहोपाडा सापडले, पण तिथं काय आहे ते कळलं नाही.

चष्मा आता लागत नाही तरी विपुलनं सवयीनं नाकाजवळ बोट नेलं.

"लिही," मग मला म्हणाला. "मुंबई आणि पुण्याच्या मधे. जुन्या हायवेवर. नदीच्या काठी कारखाने आहेत, मागं डोंगर आहेत, मधे भातशेती."

"आन लिव की," हरेश म्हणाले, "इकडं आलास तर नाक्यावर कुनालाबी इचार. गॅरेज रविवारी बंद असतंय, पन तुझ्यासाठी उघडीन म्हनावं."

"दाजी, तो विमानानं येईल. त्याला गॅरेज कशाला?"

"पनवेलपासून पुढं गाडीनंच येनार ना?"

विपुल हसायला लागला. मी कीबोर्ड पुढं ओढला आणि हरेशचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत कसं बसवायचं याचा विचार करत बसले.